पुंगळीचा हिशेब : तरफेची रायफल आणि हाताने भरलेले काडतूस

हळ्ळीखेड (बी) या आमच्या गावाच्या नावात दोन भाषा एकमेकींना खेटून बसल्या आहेत. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे गाव आणि मराठीत ‘खेडे’ म्हणजेही गाव. कंसातला ‘बी’ हा निजामी दप्तरातल्या ‘बुजुर्ग’चा, म्हणजेच आपल्या ‘बुद्रुक’चा. बंदुकीच्या शब्दांचेही तसेच आहे. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांनी दिले, ‘रायफल’ इंग्रजांची. कन्नड मित्र बंदुकीला ‘कोवी’ म्हणतात. नावे इतकी आणि माहिती मात्र थोडी, अशी आपली अवस्था आहे. सिनेमात पाहिलेल्या आवाजापलीकडे या यंत्राविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नसते.

‘कॉमर्सच्या विद्यार्थ्याला रायफलीशी काय देणेघेणे?’ असे काही मित्रांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. कारण असे की, आमच्या आजोबांच्या नावावर पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. गेल्या वर्षी ते वारले. कायद्याप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि घरात प्रश्न उभा राहिला : वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा की नाही? काकांचे म्हणणे, अर्ज करायचाच असेल तर ठासणीचे लोढणे कशाला, चांगली रायफल घ्यावी. आणि काडतुसे महाग पडली तर घरी भरावीत, परदेशात शेतकरी तसेच करतात. वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘तू हिशेब शिकतोस ना? मग मांड हिशेब.’’ तो मांडताना जे वाचले आणि समजून घेतले, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

ठासणीची बंदूक

प्रथम जुन्या बंदुकीकडे पाहू, कारण हाताने काडतूस भरणे म्हणजे काय हे तिच्याकडूनच उत्तम कळते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हाताने भरावा लागतो. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, त्यावर चिंधीचा वा सुंभाचा बोळा, त्यावर छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सर्व गजाने ठासायचे. मागच्या बाजूच्या लहानशा बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला स्फोटक पदार्थ पेटतो, त्याची ठिणगी छिद्रातून दारूपर्यंत जाते आणि बार उडतो.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. ती जळताना बराच भाग धूर व राख होऊन राहतो, म्हणून चार-पाच बार झाले की नळी पुसावी लागते. आघाताने पेटणाऱ्या रसायनाची कल्पना अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली पेटंट केली. त्याआधी जळता तोडा किंवा गारगोटीची ठिणगी यांवरच सगळी भिस्त होती. पाऊस आला की बंदूक म्हणजे काठी!

आमचे आजोबा दारूचे माप शिंगाच्या टोपणाने घेत. त्यांच्या गजावर दोन खुणा होत्या. रिकाम्या नळीत गज टाकला तर तो पहिल्या खुणेपर्यंत आत जाई. भरलेल्या नळीत दुसऱ्या खुणेवर थांबे. बंदूक हातात घेतली की प्रथम गज टाकून पाहायचा, हा त्यांचा नेम. भरलेल्या नळीत विसरून पुन्हा दारू भरली गेली तर नळी फुटते आणि भरणाऱ्याचाच हात जातो. ही दोन खुणांची युक्ती म्हणजे आमच्या भाषेत ‘क्रॉस चेकिंग’. किती दारू घेतली, किती बार उडाले, किती टोप्या उरल्या, हे ते एका वहीत लिहीत. शब्द मराठी, आकडे मात्र उर्दू. कारण त्यांचे पहिले धडे निजामाच्या अमलातले.

काडतूस म्हणजे चार वस्तूंची पुडी

दारू, गोळी आणि टोपी या तीन सुट्या वस्तू एका पितळी पुंगळीत बसवल्या की काडतूस होते. म्हणजे एकूण चार वस्तू. यांपैकी गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी (प्रायमर) फुटून निकामी होते. उरते ती फक्त पुंगळी, आणि चारांत बहुधा सर्वांत महाग तीच असते! हाताने काडतूस भरण्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

पितळच का? पितळ लवचीक असते. दारू पेटताच पुंगळी फुगून नळीच्या मागच्या कोठीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर, येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि बाहेर काढता येते. आमच्या घरच्या तांब्या-घागरींचा धातू इतके अवघड काम करतो, हे वाचून मला नवल वाटले.

पुढची पायरी म्हणजे बिनधुराची दारू. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने ती सिद्ध केली. तेवढ्याच वजनात तिची शक्ती काळ्या दारूपेक्षा फार अधिक, आणि धूर जवळजवळ नाही. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. काळ्या दारूसाठी केलेल्या जुन्या बंदुकीत त्याच मापाने बिनधुराची दारू भरली तर बंदूक फुटते. दोघींना ‘दारू’ हा एकच शब्द असला तरी त्या एक नव्हेत.

तरफेची रायफल

नळीच्या आतल्या अंगाला फिरकीसारखे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्याप्रमाणे तोल सांभाळते. असे आटे असलेली ती रायफल. गुळगुळीत नळीची ती साधी बंदूक. हा भेद पुढे कायद्यातही येणार आहे.

आता तरफ. चापाच्या खाली हाताची बोटे मावतील असे एक लोखंडी कडे असते, आणि तीच तरफ. ती खाली-पुढे ढकलली की मागचा ठोकळा (बोल्ट) सरकतो, उडालेली पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि घोडा मागे नेऊन चढवतो. त्याच वेळी साठ्यातले नवे काडतूस वर येते. तरफ परत वर घेतली की ते काडतूस कोठीत जाते आणि ठोकळ्याला अडसर लागतो. पाणी शेंदताना रहाटाचा दांडा जसा एकाच हालचालीत दोन कामे करतो, तसेच हे. मात्र ही रायफल आपोआप भरत नाही. प्रत्येक गोळीमागे हात हलवावाच लागतो.

या रायफलीच्या इतिहासात कॉमर्सच्या विद्यार्थ्याला आवडेल अशी एक गोष्ट आहे. ज्याचे नाव तिला कायमचे चिकटले तो ऑलिव्हर विंचेस्टर कारागीर नव्हता. अमेरिकेतील न्यू हेवन येथे त्याचा सदरे शिवण्याचा कारखाना होता. त्यातला नफा त्याने बंदुकीच्या कंपनीत गुंतवला. त्याच्याकडील बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली तरफेची रायफल तयार केली आणि १८६६ मध्ये विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी उभी राहिली. पुढे जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या बुद्धिमान कारागिराने कंपनीला एकामागून एक नमुने दिले : १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ चे. त्यातील १८९४ चा नमुना इतका लोकप्रिय झाला की त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद पडला. त्यानंतर हाच नमुना जपानमध्ये बनू लागला.

१८९४ च्या रायफलीचे नेहमीचे काडतूस म्हणजे ‘थर्टी-थर्टी’. पहिले तीस म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या तीस शतांश. दुसरे तीस म्हणजे मूळ भरणीतील बिनधुराच्या दारूचे वजन, तीस ग्रेन. ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण ते सोनाराच्या दुकानात आपल्याकडेही होते. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. थर्टी-थर्टीची गोळी १५० किंवा १७० ग्रेनची असते. म्हणजे दहा मासे, किंवा तोळ्याला थोडी कमी!

या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक, रांगेत राहतात. त्यातून एक गंमतीदार अडचण निघते. मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल तर बार उडताच बसणाऱ्या धक्क्याने ते टोपीवर आपटून साठ्यातच स्फोट होऊ शकतो. म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळीचे नाक चपटे ठेवतात. चपट्या नाकाला हवेचा विरोध जास्त, म्हणून तिचा पल्लाही बेताचा. यंत्राची रचना गोळीचा आकार ठरवते आणि गोळीचा आकार शिकारीचे अंतर ठरवतो. एक निर्णय दुसऱ्याला कसा बांधून टाकतो, याचे यापेक्षा सुबक उदाहरण मला आमच्या क्रमिक पुस्तकांत सापडलेले नाही.

ब्राउनिंगने १८९५ च्या नमुन्यात ही अडचण दूर केली. काडतुसे रांगेऐवजी चापापुढच्या पेटीत एकावर एक ठेवली. पहिल्या महायुद्धात झारच्या रशियाने याच नमुन्याच्या सुमारे तीन लाख रायफली विकत घेतल्या होत्या.

कर्नाटकातली ‘चारशे पाच’

या १८९५ च्या रायफलीचा आपल्या राज्याशी जवळचा संबंध आहे. बेंगळुरूचे शिकारी आणि लेखक केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) यांच्या हातात आयुष्यभर जी रायफल राहिली, ती हीच : विंचेस्टर १८९५, ‘चारशे पाच’ बोअरची, तरफेची. जिम कॉर्बेट यांची बोल्टची रिग्बी जशी कुमाऊँच्या कथांत, तशी ही चारशे पाच शिवमोग्गा, कडूर, अर्सीकेरे या भागांतल्या नरभक्षकांच्या कथांत भेटते. ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९५४ साली निघाले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनीही याच बोअरची विंचेस्टर नेली होती.

चारशे पाचचे काडतूस १९०४ साली निघाले. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे एक तोळा आठ मासे. आणि वेग सेकंदाला सुमारे २२०० फूट, म्हणजे साधारण ६७० मीटर. आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट! दीड तोळ्याहून अधिक शिसे इतक्या वेगाने पुढे जाते तेव्हा तेवढाच रेटा मागे खांद्यालाही बसतो. या रायफलीच्या दस्त्याला मागे वक्र लोखंडी पट्टी असे. तिचा मार शिकारी मंडळी विसरत नसत.

पण कंपनीने पुढे ही रायफल बनवणे थांबवले आणि काडतुसेही दुर्मिळ झाली. ज्या रायफलीचे काडतूस मिळत नाही, तिची किंमत काय? ठासणीच्या बंदुकीला दारू आणि टोपी मिळाली की ती चालते. पण पितळी काडतुसाची रायफल कारखान्याच्या दोरीला बांधलेली असते. कारखान्याने दोरी सोडली की रायफल भिंतीवर. परदेशात अशा जुन्या रायफली जिवंत राहिल्या त्या हाताने काडतुसे भरणाऱ्यांमुळे. या शतकाच्या आरंभी चारशे पाचचे काडतूस अमेरिकेत पुन्हा बनू लागले, तोवर हौशी लोक मिळेल ती पुंगळी जपून पुन्हा पुन्हा भरत होते.

हाताने भरणे

हा छंद नवा नाही. विंचेस्टर कंपनी स्वतःच गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात काडतूस भरण्याची हत्यारे विकत असे. गावापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या गुराख्याला ती हवी होती. काही हत्यारे तर हुबेहूब आपल्या अडकित्त्यासारखी दिसतात. कामाचा क्रम साधारण असा :

पहिले काम तपासणी. प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून पाहायची. मान चिरलेली किंवा बुडाजवळ चकाकती रेघ उमटलेली असेल तर ती भंगारात. दुसरे, फुगलेली पुंगळी पोलादी साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची. त्याच वेळी मेलेली टोपी निघते. तिसरे, लांबी मोजायची, कारण प्रत्येक बाराबरोबर पितळ पुढे वाहते आणि पुंगळी लांबते. चौथे, नवी टोपी. पाचवे, तराजूवर तोललेली दारू. सहावे, गोळी ठरलेल्या खोलीवर बसवून पुंगळीची कड तिच्या खाचेत किंचित वळवायची.

तरफेच्या रायफलीसाठी यातल्या दोन पायऱ्या विशेष महत्त्वाच्या. बोल्टच्या रायफलीत घट्ट काडतूस खिट्टीच्या जोराने आत दामटता येते. तरफेत तेवढा जोर नसतो, म्हणून पुंगळी पूर्ण मापात आणावीच लागते. शिवाय रांगेतल्या काडतुसांवर स्प्रिंगचा दाब आणि बाराचा धक्का सतत बसतो. कड नीट वळवली नसेल तर गोळी पुंगळीत आत घुसते, आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढतो. आणखी एक गोष्ट. १८९४ सारख्या रायफलीत अडसर ठोकळ्याच्या मागच्या टोकाला असतो. त्यामुळे बार होताना पोलादही किंचित ताणते आणि पितळ अधिक. म्हणून अशा रायफलीत भरणी बेताचीच ठेवतात, आणि पुंगळीचे आयुष्यही बोल्टच्या रायफलीपेक्षा कमी धरतात.

दारू किती आणि कोणती, हे कोणी अंदाजाने ठरवत नाही. दारू व गोळी बनवणारे कारखाने मोजमाप करून कोष्टके छापतात. भरणारा कमीत कमी मापापासून सुरुवात करतो. सर्वांत मोठे धोके दोन. एक, एका पुंगळीत दारू दोनदा पडणे. दुसरा त्याच्या उलट, दारू मुळीच न पडणे. अशा काडतुसात नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुटते. म्हणून भरणी झालेल्या पन्नास पुंगळ्या फळीवर उभ्या करून, दिव्याच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून पाहण्याची रीत आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : तारीख, दारू, वजन, गोळी, पुंगळी कितव्यांदा भरली. चिठ्ठी नसलेला डबा उघडायचा नाही. आजोबांच्या गजावरच्या दोन खुणा आणि ही चिठ्ठी, या मला एकाच आईच्या लेकी वाटतात.

हिशेब

आता वडिलांनी सांगितलेले काम. पुढचे आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. समजा, नवे काडतूस १०० रुपयांचे. त्यात पुंगळी ४०, गोळी २५, दारू १५, टोपी ५ आणि मजुरी-नफा १५. पुंगळी आठ वेळा वापरली तर प्रत्येक बाराला तिचा घसारा ५ रुपये. येथे घसारा वर्षांवर नाही, वापरावर धरायचा. मग घरचे काडतूस ५ + २५ + १५ + ५ म्हणजे ५० रुपयांना पडते. बचत ५० रुपये. स्वतःच्या मजुरीचे मोल आपण धरलेले नाही, हे मात्र लक्षात असावे.

साचे, तराजू वगैरेंचा स्थिर खर्च २०,००० रुपये धरला, तर तो भरून निघायला ४०० काडतुसे लागतील. तरफेच्या रायफलीत पुंगळी चारच वेळा टिकली, तर घसारा १० रुपये, बचत ४५ आणि समतोल बिंदू सुमारे ४४५ काडतुसांवर जातो. निशाणेबाजीचा खेळाडू एवढी काडतुसे एका हंगामात उडवील. त्याला हा धंदा किफायतशीर आहे. आमच्या आजोबांच्या वहीप्रमाणे ते वर्षाला दहा-बारा बार उडवत, तेही बहुतेक आकाशात. वर्षाला दहाच्या हिशेबाने ४०० बार व्हायला चाळीस वर्षे! म्हणजे ज्याला थोडे बार लागतात, त्याच्यासाठी हाताने भरणे हा बचतीचा मार्ग नव्हे. तो एक तर छंद आहे, नाही तर चारशे पाचसारख्या अनाथ रायफलीला जगवण्याचा उपाय.

कायदा

हा हिशेबही आपल्याकडे कागदावरच राहतो, कारण कायदा वेगळा आहे. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तयार काडतुसेच नव्हे, तर त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही येतात. कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा साधा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याची परवानगी नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. काकांच्या योजनेतील ‘घरी भरू’ हा भाग येथेच संपला.

बंदुकीचेही पाहू. कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीचे नाव या तरतुदीत नाही. शिवाय २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना नाही, म्हणजे अर्ज करायचाच तर तो माझ्या नावाने होणार नाही. आपल्याच राज्यातल्या कोडगूत मात्र कोडव समाजाला व जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमलापासून सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. तिकडे सणाला शस्त्रांची पूजा होते. आपल्याकडे बंदुकीची आठवण वेगळी आहे. १९४८ साली या बीदर जिल्ह्यात आधी रझाकारांच्या आणि मग पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेत दोन्ही धर्मांच्या घरांनी माणसे गमावली. आमच्या भागातली म्हातारी माणसे बंदूक हा शब्द उच्चारताना अजून आवाज खाली आणतात.

डुक्कर आणि तूर

प्रश्नाचे मूळ शेतात आहे. ऊस वाढला तशी रानडुकरांना लपायला बारमाही जागा झाली. रात्री कळप निघतो आणि भुईमूग, मका, ज्वारी लोळवून जातो. तुरीच्या कोवळ्या शेंड्यांवर हरणे येतात. हे नुकसान खोटे नाही; आमच्या घराने ते सोसले आहे.

पण बंदुकीचा परवाना आणि प्राण्याला मारण्याची परवानगी ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची शिल्लक दुसऱ्यात मांडता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार देशभर बंद झाली. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होते, १ एप्रिल २०२३ पासून दुसऱ्यात आहे. उभ्या पिकाला त्याचा धोका असेल तर कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. केरळने २०२२ साली हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला. आपल्याकडे ही वाट सोपी व्हावी, अशी शेतकऱ्यांची मागणी मला रास्त वाटते. कारण वाट बंद असली की लोक तारेत वीज सोडतात किंवा गावठी स्फोटके पेरतात. त्यात डुकरापेक्षा गुरे, कुत्री आणि शेजारीच अधिक मरतात. परवान्याची बंदूक निदान कोणाच्या तरी नावावर असते. विजेची तार कोणाचीच नसते.

निष्कर्ष

तेव्हा आमच्या घरापुरता ताळेबंद असा निघाला. तरफेची रायफल : यंत्र म्हणून अप्रतिम, पण आमच्या गरजेच्या आणि कायद्याच्या बाहेर. घरी काडतूस भरणे : शिस्तीची कला, पण येथे गुन्हा आणि आमच्या वापराला तोट्याची. राहिली ठासणीची बंदूक. तिचा परवाना वडिलांना कदाचित मिळेलही. परंतु परवाना वारशाने मिळतो. हात मिळत नाही. दारूचे माप, गजाच्या खुणा, भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत न आणण्याचा नेम, हे आजोबांबरोबर गेले. वडिलांनी तिला कधी हात लावला नाही. माहीत नसलेल्या हातात ठासणीची बंदूक हे पीकसंरक्षण नव्हे, ती जोखीम आहे. आणि आवाज करायला फटाकाही चालतो.

काका अजून नाराज आहेत. त्यांचे म्हणणे, बापाची वस्तू सरकारजमा करायला मन धजत नाही. त्यांच्या या वाक्याला माझ्या ताळेबंदात रकाना नाही, हे मी कबूल करतो. तरीही निर्णय झाला आहे : अर्ज करायचा नाही. शेजारच्या तीन बांधकऱ्यांना सोबत घेऊन, त्यात दोन कन्नड बोलणारी घरे आहेत, सौरकुंपणाचा सामायिक खर्च एकराप्रमाणे वाटून घ्यायचा. वाटणीचा तक्ता मी दोन्ही भाषांत केला आहे. वडिलांनी तो लिहायला आजोबांचीच वही पुढे केली. तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत.